जुन्या बेस गिटारच्या जाहिरातीत नेकचा फोटो हवा

महोदय,

गॅदरिंगचा मोसम उलटला की स्वस्तातल्या बेस गिटारी विकायला निघतात. जाहिरातीत समोरून काढलेला एक चकचकीत फोटो, ‘कंडिशन ए-वन’ आणि ‘नवे पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबकी भाग) बसवले आहेत’ एवढंच असतं. घेणारा बहुधा विद्यार्थी असतो. नेक (गिटारची लांब मान) सरळ आहे का आणि ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारणारी आतली सळई) अजून फिरतो का, हे त्याला आधी कळायला हवं, आणि नेमकं तेच तिथे नसतं. बाकी बहुतेक सगळं दुरुस्त होतं. नेक बदलायचा म्हटलं तर खर्च अख्ख्या गिटारच्या किमतीपुढे जाऊ शकतो.

तारा उतरवून ठेवलेली बेस पाहून सौदा करू नये. 34 इंची स्केलवर (तारेची वाजणारी लांबी) 45 ते 105 जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागांत) संच ई-ए-डी-जी सुरांत लावला की नेकवर सत्तर-ऐंशी किलोंचा ताण येतो. तो नसताना वाकलेला नेकही सरळ दिसू शकतो. तारा सुरात असताना सगळ्यात जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं, म्हणजे 0.3 मिमीच्या आसपास फट असली, की झालं. मिलिमीटरभर दिसली तर रॉड घट्ट करावा लागणार. मुळीच नसली तर नेक अगदी सपाट आहे किंवा मागे वाकलाय. हेच बारीक तारेवर करा. दोन्हीकडच्या फटींत ठळक फरक असेल तर नेकला पीळ पडलाय, आणि साधा ट्रस रॉड पीळ काढू शकत नाही. अशी गिटार सुट्या भागांच्या भावातच घ्यावी.

विकणाऱ्याला रॉड समोर फिरवून दाखवायला सांगा: आधी पाव फेरा सैल, मग पुन्हा जागेवर. तो ‘हात लावू नका, फॅक्टरी सेटिंग आहे’ म्हणाला तर रॉडचा नट अडकलाय किंवा त्याच्या कडा गोल झाल्यात, असं धरून चाला. कडा गोल होतात त्या चुकीच्या चावीने. काही नटांचं माप इंची असतं, 3/16 म्हणजे 4.76 मिमी, काहींचं 4 किंवा 5 मिमी. 3/16 च्या खाचेत साडेचार मिमीची एलन की (षट्कोनी चावी) बसल्यासारखी वाटते आणि जोर लावला की कोपरे खाते.

हवामानही बघा. मालवण-गोव्याच्या किनाऱ्यावर राहिलेल्या बेसमध्ये ब्रिजवरच्या (तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात तो भाग) सॅडलचे, म्हणजे तार टेकते त्या तुकड्यांचे, बारीक स्क्रू गंजून बसलेले असू शकतात. गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब रात्रभर मुरू दिल्याशिवाय चावी घालू नये. उलट अकोला-नागपूरच्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड (नेकवरची, बोटं दाबायची लाकडी पट्टी) आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन बोटांना ओरखडतात. हा दोष किरकोळ. बारीक कानस तिरकी धरून काम होतं, पण त्यावर भाव जरूर पाडून घ्या. जाता जाता: 2017 मध्ये शिसवाच्या सगळ्या जातभाईंच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली (तयार वाद्यांना 2019 च्या अखेरीस सूट मिळाली). त्यानंतर स्क्वायरच्या (फेंडर कंपनीचा स्वस्त ब्रँड) बऱ्याच मॉडेलांच्या फिंगरबोर्डवर शिसवाऐवजी ‘इंडियन लॉरेल’ दिसू लागलं. ते आपल्या जंगलातल्या ऐनाचं लाकूड. ‘दुर्मीळ विदेशी लाकूड’ म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर हसून पुढे जा.

वायरिंगला मात्र फार घाबरू नये. पॉट (नॉबखालचा फिरता भाग) खरखरत असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा फिरवला की बहुतेकदा साफ होतो. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होणं साहजिक आहे. काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखाली जाणारी अर्थची वायर तुटली असेल. जॅझ प्रकारच्या बेसमध्ये (दोन पिकअप, प्रत्येकाला वेगळा व्हॉल्यूम) दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असताना शांतता आणि एक कमी केला की घरघर, हा बिघाड नाही. दोन पिकअप एकमेकांचा गोंगाट मारतात, एकटा पडला की तो ऐकू येतो. सर्किट ॲक्टिव्ह, म्हणजे सेलवर चालणारं, असेल तर 9 व्होल्टचा सेल गळलाय का ते बघा. केबल जॅकमध्येच राहिली तर तो सेल न वाजवताही उतरतो.

आता बदल करण्याविषयी. आमच्या मते घरी आणल्यावर आधी फक्त सेटअप करावा: नवा तारांचा संच, रॉड, मग बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिमी उंची, शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं). बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर) चढा आला तर सॅडल मागे घ्या, उतरता आला तर पुढे. सॅडल तळाला टेकले तरी तारा उंचच राहत असतील तर नेक बसतो त्या खोबणीत ब्रिजकडच्या टोकाला व्हिजिटिंग कार्डाची पट्टी घाला. जाड तार कापण्याआधी खुंटीपाशी काटकोनात वाकवा, नाहीतर आतल्या तारेवरची गुंडाळी सुटते आणि नवी तार पहिल्या दिवसापासून बद्द वाजते.

एवढ्याने गिटार बदलल्यासारखी वाटते, आणि हा खर्च विकताना बऱ्यापैकी वसूल होतो. महागड्या पिकअपचा होत नाही, कारण त्या किमतीत घेणारा नव्या बेसशी तुलना करतो. तरीही बदलायचेच असतील तर आधी मापं घ्या. मूळ धाटणीच्या जॅझ बेसमध्ये नेककडचा पिकअप ब्रिजकडच्यापेक्षा सुमारे 3 मिमी आखूड असतो. स्वस्त नकलांत दोन्ही सारखेच असू शकतात. पॉटचंही तसंच: छोट्या पॉटच्या भोकात मोठा पॉट बसत नाही, त्याला 9.5 मिमी भोक लागतं आणि जुने नॉबही बसतीलच असं नाही. लाकूड कोरावं लागेल असा बदल स्वस्त बेसवर करू नये. जुने भाग पिशवीत नावं लिहून ठेवा. विकताना ते परत बसवा आणि नवे वेगळे विका.

हेडस्टॉकवर (खुंट्या असलेलं नेकचं टोक) फेंडरचं स्टिकर चिकटवून स्वस्त बेस विकणं ही सरळ फसवणूक आहे. गिटारवरचा क्रमांक तपासा. ‘आयसीएस’ने (ICS) सुरू होणारा क्रमांक इंडोनेशियात कॉर्टच्या कारखान्यात बनलेल्या स्क्वायरचा, पुढचे दोन आकडे वर्षाचे.

विकणाऱ्यांना विनंती एवढीच: हेडस्टॉककडून ब्रिजकडे बघत नेकचा एक फोटो टाका, बाराव्या फ्रेटवरची उंची मिलिमीटरमध्ये लिहा, काय बदललं ते सांगा. कुरियरने पाठवायची असेल तर तारा थोड्या सैल करा आणि हेडस्टॉकच्या खाली-वर फोम भरा, कारण पडली की आधी तीच जागा धोक्यात येते. चार स्क्रूंचा नेक असेल तर तो काढून वेगळा गुंडाळा, आणि ते चार स्क्रू नेकलाच टेपने चिकटवून पाठवा.

आपले,
वाद्यदुरुस्ती करणारे दोन वाचक, पुणे