तात्या, वैरणीचं कारण मला तेव्हाच कळलं होतं

तात्या,

हे पत्र तुम्ही नातवाकडून वाचून घ्याल आणि मध्येच "पुरे की आता" म्हणाल. तरी त्याला शेवटपर्यंत वाचू द्या. समोर बसून बोलायला गेलं की तुम्ही चहा सांगता आणि विषय पावसावर नेता.

२०२२ च्या जूनमध्ये मी कोल्हापुरातनं येऊन तुमच्या शेजारचं ३० गुंठे रान घेतलं. गावात काय बोलणं चाललं होतं ते मला नंतर कळलं. 'उद्यमनगरचा लेथवाला पैसं देऊन मुरूम घेतोय.' खोटं नव्हतं. कासारी नदीकाठची काळी जमीन आमच्या ऐपतीतली नव्हतीच. वडिलांच्या वाटणीचे चार गुंठे सातबाऱ्यावर होते म्हणून कुळकायद्यापुढं मी शेतकरी ठरलो, नाहीतर हेही घेता आलं नसतं. उताराची तांबडी माती आणि तिच्या पोटात जांभ्याचे धोंडे. पण रविवारी कळे गावावरून गाडी वळली की छाती फुगायची, ते खरं.

ज्या एजंटानं हे रान दाखवलं, त्यानं मे महिन्यात मोटार थेट बांधापर्यंत नेली आणि "हा काय रस्ता" म्हणून दाखवला. तो रस्ता म्हणजे तुमचं नांगरून पडलेलं रान होतं. जुलैत तिथं उसाची आडसाली, म्हणजे दीड वर्षाची, लागण झाली आणि माझा रस्ता उसात गेला. कागद बघणाऱ्या वकिलांनी तीस वर्षांचा शोध काढला, त्याची फी घेतली, पण गावनकाशा उघडून वाट आहे का एवढं बघितलं नाही. एजंटाचा फोन दलाली पोचल्यापासून लागत नाही. तहसील कचेरीत गेलो तर जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागायचा अर्ज करा म्हणाले. केला. त्यावर मला तारखा मिळाल्या आणि तुम्हाला नोटीस.

हो, ती नोटीस. शेजारचा खातेदार म्हणून पहिलं नाव तुमचंच होतं. अजून तुमच्याशी धड ओळख नाही, आणि मी तुम्हाला सरकारी कागद धाडलेला. त्यानंतर दोन-तीन रविवार मी तुमच्या घरावरून मान खाली घालूनच गेलो.

पहिल्या वर्षी बी-बियाणं डोक्यावरून बांधाबांधानं नेलं. पण शेणखत कसं न्यायचं? २०२३ च्या मे महिन्यात तीन ट्रॉल्या ठरवल्या. डांबरीच्या कडेला ओतायचं आणि पाट्यांनी वाहायचं, असा बेत. बायको म्हणाली कंबर मोडेल. मी म्हटलं मोडू दे.

सकाळी सात वाजता आलो तर तुमच्या उसात सरळ फट पडलेली. डांबरीपासून माझ्या बांधापर्यंत दोन सऱ्या तोडलेल्या. कारखान्याला जायला अजून सहा-सात महिने असलेला, डोक्याच्या वर गेलेला ऊस. तुम्ही बांधावर तंबाखू मळत बसला होता. मी काही विचारायच्या आत म्हणालात, "गुरास्नी वैरण पायजेच हुती. तोडला थोडा."

मी जन्मभर लेथवर मापं घेतली आहेत, मला मोजल्याशिवाय राहवत नाही. साडेचार फुटी सरी, दोन सऱ्या म्हणजे नऊ फूट. ट्रॉली जेमतेम बसेल एवढेच. लांबी दोनशे फूट. म्हणजे दीड गुंठ्याच्या वर ऊस गेला. एकरी चाळीस टन धरला तरी गुंठ्याला एक टन, आणि सगळ्याची मिळून पाच हजारांच्या आसपास रक्कम. पण पैशाचं मी विसरेन कदाचित. विसरणार नाही ते बुडख्यांचं. ऊस तोडला की जमिनीवर तिरके, टोकदार बुडखे राहतात. त्या दोन सऱ्यांत एकही नव्हता. सगळे कुदळीनं खणून काढून कडेला रचले होते, मुळ्यांना माती अजून ओलीच होती. ट्रॅक्टरच्या टायरात घुसू नयेत म्हणून. तात्या, वैरणीसाठी ऊस तोडणारा माणूस बुडखे खणत बसत नाही. दुसऱ्या वर्षी त्याच बुडख्यांतून फुटणारा खोडवाच जातो की त्यानं.

नोटिशीबद्दल तुम्ही त्या दिवशीही एक शब्द काढला नाहीत, आजवर नाही. मी सोमवारी अर्ज मागं घेतला. ज्यांना पैसे दिले त्यांनी फसवलं, आणि ज्यांना नोटीस धाडली त्यांनी वाट दिली. हा हिशेब माझ्या कुठल्याच मापात बसत नाही. सगळी चांगली माणसं खेड्यात राहतात असलं मी म्हणणार नाही, एजंटही तुमच्याच गावचा आहे. पण उपकार करून वर त्याचं ओझं समोरच्यावर पडू नये म्हणून खोटं बोलणारी माणसं मी फार बघितलेली नाहीत.

त्या वाटेनं पुढचं सगळं आलं. ताग पेरला, तो फुलावर आला की गाडायचा हे तुम्ही बांधावरून ओरडून सांगितलंत. खतासाठी धनगराची बकरी दोन रात्री रानात बसवली. धोंडे वेचून उताराला आडव्या दोन ताली घातल्या. दुसऱ्या पावसाळ्यात तालीमागं वीतभर माती साठली होती. बायको ती मुठीत घेऊन घरी दाखवायला घेऊन गेली.

गेल्या जुलैत तुमची नवी लागण झाली, तेव्हा त्या दोन सऱ्या मोकळ्याच होत्या. मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "तिथं ऊस साधत न्हाई."

बरं. मग यंदाच्या भुईमुगाच्या शेंगांचं एक पोतं तुमच्या सोप्यात ठेवून जातोय. आमच्या खोलीत ठेवायला जागा नाही, आणि उंदीर फार झालेत.

तुमचा बांधकरी