एमसीबी मोठी टाकण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातली एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा खटका) सारखी पडते अशी तक्रार केली की ‘सोळा अँपिअरची काढा, बत्तीसची टाका, परत पडणार नाही’ हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला खोटा नाही, ती खरोखरच परत पडत नाही. धोका नेमका त्यातच आहे. एमसीबी बसवलेली असते भिंतीतल्या वायरला जपण्यासाठी. गीझर किंवा इस्त्री वाचवणे हे तिचे काम नाही. पॉवर पॉइंटला साधारणपणे २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असते आणि तिला १६, फार तर २० अँपिअरची एमसीबी चालते. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. घरगुती वायरीचे नेहमीचे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल असे केलेले असते. त्यापुढे ते आधी मऊ पडते आणि असेच तापत राहिले तर ठिसूळ होऊन तडकते. हे सगळे पाइपच्या आत चालते, त्यामुळे धूर येईपर्यंत कोणाला कळत नाही.

म्हणून बदलाबदली करण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: पडते काय आणि पडते कशी.

डीबीमध्ये, म्हणजे घरातले सगळे खटके असलेल्या पेटीत, अरुंद, एकेका सर्किटच्या असतात त्या एमसीबी. रुंद, ‘टी’ असे लिहिलेले छोटे बटण असलेली आणि ३० मिलिअँपिअर छापलेली असते ती आरसीसीबी. बरेच जण तिला अजून ईएलसीबीच म्हणतात. पहिली जास्त करंट आणि शॉर्ट बघते. दुसरीला किती लोड आहे याच्याशी देणेघेणे नसते. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तितकाच परत आला की नाही एवढेच ती मोजते. आरसीसीबी पडत असताना ‘लोड जास्त झाला’ असे कोणी सांगत असेल तर त्याने डीबी नीट पाहिलेलीच नाही. (दोन्ही कामे एकत्र करणारी आरसीबीओ असेल तर मात्र दोन्ही शक्यता धराव्या लागतात.)

आधी एमसीबी. तिच्या आत पडण्याच्या दोन वेगळ्या युक्त्या असतात. एक दोन धातूंची पट्टी, जी तापून हळूहळू वाकते आणि खटका सोडवते, ती ओव्हरलोडसाठी. दुसरी तारेची कॉइल, जी मोठा करंट आला की क्षणात खटका ओढते, ती शॉर्टसाठी. म्हणून खटका वर केल्याबरोबर पडला की दहा-वीस मिनिटांनी पडला, यावरूनच अर्धे निदान होते.

उशिरा पडत असेल तर हिशेब करावा. उपकरणावरचे वॅट भागिले २३० म्हणजे अँपिअर. २००० वॅटचा गीझर ८.७, १५०० वॅटची किटली ६.५, १००० वॅटची इस्त्री ४.३, तिन्ही एकाच सर्किटवर चालू असतील तर बेरीज साडेएकोणीस. १६ अँपिअरची घरगुती एमसीबी नियमानुसार १.१३ पट, म्हणजे १८ अँपिअरला तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पट, म्हणजे सुमारे २३ अँपिअरला तासाच्या आत पडलीच पाहिजे. मधल्या पट्ट्यात ती केव्हा पडावी याचे बंधन नाही. साडेएकोणीस अँपिअर त्याच पट्ट्यात येतात. ‘आज पडली, काल तेवढाच लोड होता तरी पडली नाही’ या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा हेच असते. शिवाय हे आकडे ३० अंश तापमानाचे आहेत. बंद डीबीत, शेजारच्या एमसीबीही तापलेल्या असताना आतले तापमान ४० च्या वर गेले की पट्टी आधीच थोडी वाकलेली असते आणि एमसीबी लवकर पडते. यावर इलाज एकच, लोड वाटून टाकणे. दोन मोठी उपकरणे एकाच वेळी लावू नयेत किंवा एकासाठी डीबीपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची वायर ओढून तिला स्वतंत्र २० किंवा २५ ची एमसीबी द्यावी. मोठी एमसीबी हवीच असेल तर आधी वायर मोठी, मग एमसीबी. आणि वायर मोठी म्हणजे डीबीपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत मोठी, मध्ये जुना तुकडा राहिलेला चालत नाही.

बेरीज १६ च्या खूप आत असूनही उशिरा पडत असेल तर सैल स्क्रूचा संशय घ्यावा. याकडे सर्वात कमी लक्ष जाते, आणि अनेक घरांमध्ये कारण नेमके हेच निघते. टर्मिनल सैल असले की तिथे रोध वाढतो, तो भाग तापतो आणि ती उष्णता शेजारच्या पट्टीला वाकवते. एमसीबीला वाटते करंट जास्त आहे. खूण म्हणजे त्या एका एमसीबीचे प्लास्टिक पिवळट किंवा तपकिरी झालेले, वायरचे टोक काळवंडलेले, जवळ गेल्यावर जळकट वास. कधी स्क्रू घट्ट असतो, पण क्लँपखाली तांब्याऐवजी वायरचे आवरणच दाबलेले असते. कधी बारीक तारांच्या लवचिक वायरला लग (टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) न लावताच ती स्क्रूखाली दाबलेली असते आणि काही महिन्यांत तारा बसून जागा सैल होते. वास येत असेल किंवा प्लास्टिक वितळलेले दिसत असेल तर खटका परत वर करूच नये. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. काळवंडलेले टोक कापून नवे सोलावे लागते आणि ती एमसीबीही बदलावी लागते, कारण तापलेली पट्टी पूर्वीसारखी वागेलच याची खात्री उरत नाही.

आता लगेच पडणारी. पडलेला खटका पुष्कळ वेळा अर्ध्यावर थांबतो. तो पूर्ण खाली नेऊन मगच वर करायचा, नाहीतर आत अडकत नाही आणि एमसीबी बिघडली असा गैरसमज होतो. उशिरा पडलेली असेल तर पट्टी थंड व्हायला काही मिनिटे द्यावीत. त्या सर्किटचे सगळे प्लग उपटावेत, दिव्यांची-पंख्यांची बटणे बंद करावीत, आणि मग खटका वर करावा. तरीही त्याच क्षणी पडला तर दोष वायरिंगमध्ये किंवा एखाद्या बोर्डात आहे. पुन्हा पुन्हा वर करून बघू नये, प्रत्येक वेळी आतल्या संपर्कांवर ठिणगी पडते आणि ते झिजतात. बोटाने खटका दाबून धरण्याचा उपाय तर निरर्थकच आहे, कारण खटका धरलेला असला तरी आतली यंत्रणा सुटते. ती तशीच बनवलेली असते. नुकताच भिंतीत खिळा किंवा ड्रिल मारले असेल, स्विचबोर्ड उघडून परत बसवला असेल, बाहेरच्या दिव्यात पाणी गेले असेल तर तपास तिथूनच सुरू करावा. बोर्डाची पट्टी बसवताना लांब स्क्रूखाली वायर चिरडली जाणे हा अगदी नेहमीचा प्रकार आहे.

सगळे काढल्यावर टिकला तर एकेक उपकरण लावत जावे. ज्याने पडेल ते बाजूला काढावे आणि दुसऱ्या सर्किटवर लावून खात्री करावी. तिथेही पडले तर उपकरण दोषी. तिथे टिकले तर मूळ सर्किटचा सॉकेट तपासायचा.

एसीचे प्रकरण निराळे. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढतो. चालताना ८ अँपिअर घेणारा एसी सुरुवातीच्या क्षणी ४० ते ४८ घेतो. ‘बी’ प्रकारची एमसीबी आपल्या आकड्याच्या तीन ते पाच पटीत क्षणात पडते, म्हणजे १६ ची असेल तर ४८ पासून पुढे केव्हाही. ‘सी’ प्रकार पाच ते दहा पटीत, म्हणजे ८० ते १६० ला पडतो. म्हणून मोटर असलेल्या लोडला ‘सी १६’ लावतात. आकडा तोच राहतो, वायरचे संरक्षण तेच राहते, फक्त क्षणिक धक्का सोसला जातो. एमसीबीच्या तोंडावर ‘बी १६’ किंवा ‘सी १६’ असे छापलेलेच असते. पण सी लावताना शॉर्ट झाल्यावर १६० अँपिअर वाहू शकतील एवढी वाट मोकळी हवी. २३० व्होल्टला म्हणजे फेजपासून फिरून परत येण्याचा एकूण रोध १.४ ओहमच्या आत. लांबलचक वायर आणि कमजोर अर्थिंग असलेल्या घरात हे मोजल्याशिवाय सी लावू नये. एसी सुरू होताना काही सेकंद नुसता घुरघुरतो आणि मग एमसीबी पडते, असे असेल तर एमसीबी निर्दोष आहे. कॉम्प्रेसर सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर कमजोर झाला आहे किंवा बंद केल्यावर तीन मिनिटे न थांबता एसी परत चालू केला जातो आहे. एकाच बटणावर बरेच एलईडी दिवे असले तरी चालू करण्याच्या क्षणी असाच धक्का बसतो आणि ६ अँपिअरची बी कधीमधी पडते.

आरसीसीबी शोधायला जास्त डोके लागते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ पर्यंतची गळती सोसते आणि १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकते. संगणक, चार्जर, वॉशिंग मशीन यांच्या फिल्टरमधून निर्दोष असतानाही थोडी थोडी गळती अर्थिंगमध्ये जात असते. एका आरसीसीबीवर सगळे घर टाकले की ही बेरीज १० च्या आसपास पोचते, आणि मग दमट हवेतली जराशी वाढही पुरते. अशा वेळी उपकरण बदलून काही साधत नाही. सर्किटे दोन-तीन आरसीसीबींवर वाटून द्यावी लागतात.

एकच दोषी असेल तर पहिला संशय पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर. क्षारांमुळे त्याच्या नळीला सुईएवढी भोके पडतात आणि आतल्या पांढऱ्या भुकटीत ओल शिरते. येथे बटण बंद ठेवून भागत नाही, प्लग काढावा लागतो, कारण बटण फक्त फेज तोडते आणि न्यूट्रलच्या बाजूची गळती तशीच राहते. प्लग काढून मल्टिमीटरने बघितल्यास २००० वॅटच्या चांगल्या एलिमेंटचा रोध सुमारे २६ ओहम आणि ३००० वॅटच्याचा साडेसतरा येतो, आणि दोन्ही टोकांपासून गीझरच्या धातूच्या अंगापर्यंत काहीच दाखवता कामा नये. मल्टिमीटर थोड्याच व्होल्टवर तपासतो, म्हणून त्याने ‘ठीक’ म्हटले तरी ५०० व्होल्टच्या मेगरने (जास्त व्होल्टवर आवरणाचा रोध मोजणारे यंत्र) खात्री करावी.

सर्वात फसवा दोष म्हणजे न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकलेला असणे. सर्व एमसीबी खाली असल्या तरी एकपदरी एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, त्यामुळे हा दोष जोडलेलाच राहतो. लोड नसेल तेव्हा आरसीसीबी टिकतेही. दुसऱ्याच खोलीत काहीतरी मोठे चालू झाले की परतीचा थोडा करंट न्यूट्रलऐवजी अर्थिंगने निघून जातो आणि आरसीसीबी पडते. मग शेवटी जे चालू केले त्याच्यावर आळ येतो आणि चांगली इस्त्री दुरुस्तीला जाते. बॅटरीच्या इन्व्हर्टरचा किंवा दुसऱ्या आरसीसीबीचा न्यूट्रल डीबीतल्या न्यूट्रल पट्टीवर (जिथे सगळ्या न्यूट्रल वायरी जोडतात) एकत्र केला असेल तरी अगदी हेच होते. नवे वायरिंग झाल्यापासून पडू लागली असेल तर हे आधी बघावे. शोधण्याची रीत अशी: मेन बंद, सगळे प्लग बाहेर, न्यूट्रल पट्टीवरून एकेक वायर सोडवायची आणि मेगरने तिचे अर्थिंगपर्यंतचे माप घ्यायचे. १ मेगाओहमच्या खाली येईल ते सर्किट दोषी. हे काम परवानाधारकाचेच आहे. मेन बंद केल्यावरही मेनच्या वरच्या टर्मिनलवर वीज असतेच.

अर्थिंगची पिन कापणे किंवा आरसीसीबीला वायरने बगल देणे यांनी पडणे थांबते, गळती थांबत नाही. ती उपकरणाच्या अंगावर वाट बघते.

वायरमनला बोलवाल तेव्हा ‘लाइट जातो’ एवढे न सांगता कोणता खटका, किती वेळाने, काय चालू असताना आणि ओल होती का, हे लिहून द्यावे. काम झाल्यावर त्याच्याकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात: प्रत्येक सर्किटचे मेगरचे माप, आणि डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तक्ता, ज्यात कोणती एमसीबी कोणत्या पॉइंटची, किती अँपिअरची, बी की सी, आणि तिच्या मागे किती चौरस मिलिमीटरची वायर आहे हे असेल. शेवटचा रकाना बहुतेक डीबींवर नसतो, आणि नेमका तो बघूनच ‘बत्तीसची टाका’ म्हणणाऱ्याला नाही म्हणता येते.

आपला,
एक वाचक