किल्ली मावशीकडे आहे

प्रिय आई-बाबा,

घर बदलायचा विषय काढला की बाबा लगेच फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहिते. कोथरूडला मावशीच्या मागच्या गल्लीत तळमजल्याचा फ्लॅट भाड्याने घेतलाय. टोकन दिलं. रागवा, पण पुढचं वाचा. धायरीचं घर विकत नाहीये. बाबांची आरामखुर्ची, तुळस, आईचा जुना मिक्सर, सगळं येईल. पण धायरीला लिफ्ट नाही, तीन जिने, आणि बाबांचं पाऊल अजून घासतं. मला तरी दुसरं काही सुचलं नाही.

आई, "मीच पाणी उकळलं नाही" हे आता बंद. तेच पाणी तूही प्यायलीस, तुझे जुलाब दोन दिवसांत थांबले. कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू हजार जणांच्या पोटात गेला तर जीबीएस, म्हणजे बाबांना झालेला हा नसांचा आजार, होतो एखाद्याला. त्या जंतूच्या आवरणावरची साखर आपल्या मज्जातंतूंवरच्या साखरेसारखी असते, त्यामुळे जंतूसाठी बनलेल्या अँटिबॉडीज नसांनाच जाऊन चिकटतात. म्हणून तर पोट बरं होऊन दहा दिवस झाल्यावर पायांना मुंग्या आल्या. त्या जानेवारीत, २०२५ ला, सिंहगड रोडवर किती घरांत हेच झालं! त्या सगळ्या बायकांनी काय गुन्हा केला होता?

चुकले मी. बाबा म्हणाले, "चप्पल पायातून निसटते," आणि मी इथून बंगळुरूहून ऐटीत सांगितलं, बी-ट्वेल्व्ह कमी असेल, गोळ्या घ्या. दोन दिवस फुकट गेले. शेजारच्या काकांनी खुर्चीत बसवून खाली नेलं म्हणून हॉस्पिटलात इम्युनोग्लोब्युलिन हे औषध वेळेत सुरू झालं.

बाबा, पर्वतीच्या पायऱ्या मोजताना मी चुकले की तुम्ही हळूच पुढचा आकडा सांगायचात. फिजिओथेरपीच्या मुलीला तसंच मोजू द्या की. तिच्यावर खेकसू नका. नसा भरून यायला महिने लागतात, पण येतात.

आता ऐका. पाणी उकळूनच, "चव लागत नाही" चालणार नाही. चिकन आतपर्यंत शिजवायचं, कच्चं कापलेली सुरी लगेच घासायची. हे पुन्हा होणं क्वचितच, पण मुंग्या वाढल्या किंवा गिळताना, श्वासाला त्रास झाला, तर थेट हॉस्पिटल. मला फोन नंतर.

बाथरूमला दांडे बसवून घेतलेत, कमोडही उंच आहे. सकाळचं ऊन हॉलमध्ये येतं, मी उभी राहून बघितलं.

शनिवारी येते. आई, तोवर माळ्यावर चढू नकोस.

तुमची,
मनू