एका चरणावर तासभर प्रवचन

महोदय,

तूर-हरभरा घरात आला की वऱ्हाडात गावोगाव सप्ताह बसतात. ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९००० ओव्या सात दिवसांत, म्हणजे रोज तेराशेच्या आसपास. त्या वेगात अर्थ सांगणे होत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. अर्थाची जागा प्रवचनाची. पण तिथे ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ एवढे म्हणून पुढचा तास दृष्टांतांत जातो.

जुन्या टीकाकारांची रीत पाच पायऱ्यांची: पदच्छेद (जोडून आलेली पदे सुटी करणे), पदांचा अर्थ, समासाचा विग्रह, वाक्याची जुळणी आणि शेवटी आक्षेपांचे समाधान. पहिलीच पायरी चुकली तर काय होते ते गीतेच्या १३.१२ मध्ये पाहावे. ‘अनादिमत्परं ब्रह्म’ हे शंकराचार्य ‘अनादिमत्, परम्’ असे तोडतात. अर्थ निघतो आरंभ नसलेले परब्रह्म. रामानुजाचार्य ‘अनादि, मत्परम्’ असे तोडतात. मग तोच श्लोक, भगवंत ज्याच्याहून श्रेष्ठ आहे त्या जीवात्म्याविषयी बोलू लागतो. अक्षर एकही बदललेले नाही. ‘अनादि’तच ‘आरंभ नसलेले’ हा अर्थ येतो, म्हणून शंकराचार्यांच्या छेदात ‘मत्’ फुकट जाते, हा आक्षेप ते स्वतःच मांडतात आणि ते श्लोक भरण्यापुरते आहे असे सरळ सांगतात. मंडपात इतका मोकळेपणा क्वचितच ऐकू येतो.

आता ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ (२.४७) घ्या. ‘अधिकार’ म्हणजे सातबाऱ्यावरचा हक्क नव्हे. तो इथे पात्रतेच्या अंगाने येतो. शंकरभाष्यात ‘एव’चा रोख असा, की तुझा अधिकार कर्मातच, ज्ञाननिष्ठेत नाही. हे वाक्य अर्जुनाला उद्देशून आहे, हे विसरले की ‘काम करा, मजुरी मागू नका’ असला भलताच अर्थ निघतो. याच श्लोकातल्या ‘कर्मफलहेतुः’ या समासाचेही दोन विग्रह आहेत. शंकराचार्य ‘कर्मफलाला कारण होणारा’ असा घेतात, तर गीतेचे जुने टीकाकार श्रीधरस्वामी ‘कर्मफळ हेच ज्याला कामाला लावते तो’ असा. आणि चौथा चरण, ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’, तर बहुधा म्हटलाच जात नाही. काही न करण्याचीही ओढ नको, असे तो सांगतो. तो गाळला की ‘फळ नाही तर कष्ट कशाला?’ या श्रोत्याच्या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

तासाला एकच श्लोक घ्यावा, चारही चरण म्हणावेत, फळ्यावर पदे सुटी करून लिहावीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती थांबून थांबून म्हणावीत. माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) दृष्टी नसताना ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचून घेत. नीट तोडलेले पद कानालाही पुरते. आचार्यांत मतभेद असेल तिथे दोन्ही अर्थ नावानिशी सांगावेत, ‘शास्त्रात असे आहे’ म्हणून सोडू नये.

एक बारीक गोष्ट. काही प्रतींत तेराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाच्या प्रश्नाचा श्लोक जादा असतो. त्या प्रतीत ‘अनादिमत्परं ब्रह्म’ हा श्लोक १३.१३ वर सापडेल.

– एक वाचक, ता. चांदूर बाजार, जि. अमरावती