मनू, तीस ताटांचा हिशेब

सोलापूर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर चिडून म्हणालीस, "कूपनवाली मेसच स्वस्त आहे, १,९५० मध्ये महिना निघतो." फोन ठेवल्यावर तू सांगितलेले दर कागदावर मांडले. दहावीच्या बीजगणितातला पहिलाच धडा, दोन चलांतली रेषीय समीकरणं. ताटं क्ष, महिन्याचा खर्च य. पहिला आकडा महिन्याचा ठरलेला, क्षच्या आधीचा एका ताटाचा.

काकूंची मेस: य = १५०० + २५क्ष
कूपनवाली: य = ३०० + ५५क्ष

दोन्हीकडचा य सारखा धरला की १२०० = ३०क्ष, म्हणजे क्ष = ४०. चाळीस ताटांना दोन्हीकडे २,५०० रुपये. त्याच्या आत कूपन स्वस्त, पुढे काकू. आता तुझे १,९५० कूपनच्या समीकरणात घाल. १६५० = ५५क्ष, क्ष = ३०. महिन्याला तीस ताटं! दिवसाला एकदाच जेवतेस का गं?

रागावत नाहीये. क्ष म्हणजे दिवस धरले असशील, ही चूक बऱ्याच जणांची होते. मोजायची ताटं. दोन वेळची ६०, रविवारी रात्री मेस बंद म्हणून ४ वजा, राहिली ५६. काकूंकडे २,९००, कूपनला ३,३८०. महिन्यातून दोन शनिवार-रविवार इकडे आलीस तर ५०. तरी काकूच ३०० रुपयांनी स्वस्त. डिपॉझिट परत मिळणार असेल तर ते १,५०० मध्ये धरायचं नाही. महिनाअखेर कूपनं रद्द होत असतील, तर क्ष म्हणजे घेतलेली ताटं, खाल्लेली नव्हेत. काकूंना खाडा किती आधी सांगावा लागतो तेही विचार. न सांगितलेल्या ताटाचे २५ लागले तर लागले, पण उपाशी झोपू नकोस.

पुन्हा शिकवणी सुरू झाली, माफ कर. आठवीत अण्णांच्या दुकानात बसून डझनाचा आणि सुट्या टॉवेलचा भाव तू तोंडी ताडून सांगायचीस, गिऱ्हाईक बघत राहायचं. तुला हे मी काय शिकवणार! पण तेव्हाही जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. आणि गेल्या महिन्यात चक्कर आली, ते मला माईकडून कळलं.

परवा अण्णा हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला येताहेत. शेंगा चटणी आणि कडक भाकरी देतेय. त्या ताटांत मोजू नकोस.

तुझी,
आई