‘मी’ की ‘आम्ही’: छकुलीच्या स्नानसंस्काराआधी आई-बाबांना पत्र

प्रिय आई-बाबा,

सप्रेम नमस्कार. छकुलीच्या स्नानसंस्काराबद्दल (म्हणजे बाप्तिस्म्याबद्दल) बाबांनी फोनवर काढलेल्या शंका रास्त आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आत्याची हौस. घरातल्या सगळ्यांनी एका सुरात ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ म्हणावं, हे ऐकायला कितीही गोड वाटलं तरी फादरांकडे तो विषयही काढू नका. फादरांनी ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ असंच म्हणायचं असतं; ‘आम्ही’ म्हटलं की बाप्तिस्मा होतच नाही. व्हॅटिकनने ऑगस्ट २०२० मध्ये तसं स्पष्टच सांगितलं. त्यानंतर अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका फादरांनी आपल्या लहानपणीच्या स्नानसंस्काराचा व्हिडिओ पाहिला, तर त्यात बाप्तिस्मा देणारे डीकन (फादरांच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक) ‘आम्ही’च म्हणत होते. बाप्तिस्मा नाही म्हणून दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, विश्वास पक्का करणारा संस्कार) नाही, आणि फादर होण्याची गुरुदीक्षाही नाही. बिचाऱ्यांना सगळं पहिल्यापासून घ्यावं लागलं. त्यांनी अर्पण केलेले मिस्साही (वेदीवरची ख्रिस्ती उपासना) अवैध ठरले. त्यांनी इतरांना दिलेले बाप्तिस्मे मात्र टिकले, कारण बाप्तिस्मा द्यायला देणारा फादर असावाच लागत नाही.

एका ‘मी’वर एवढं का अडतं? कारण बाप्तिस्मा देणारा ख्रिस्त. फादर फक्त त्याच्या वतीने बोलतात. संत ऑगस्टीनचं म्हणणं होतं की ख्रिस्ताचा पट्टशिष्य पेत्र याने दिला तरी देणारा ख्रिस्तच, आणि त्याला दगा देणाऱ्या यहूदाने दिला तरी ख्रिस्तच. ‘आम्ही’ म्हणताच कुटुंब आणि जमलेली मंडळी त्याच्या जागी जाऊन बसतात.

मग बाबांचा प्रश्न: सूनबाईच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर ‘मी’ नसतोच, तिथे म्हणतात ‘अमुक हिला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा दिला जात आहे’. तो चालतो. आपल्या चर्चच्या फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने १४३९ मध्येच ही रीत खरी मानली आहे. तिथे देणाऱ्याचा उल्लेख नाही, पण चुकीचा देणाराही घुसवलेला नाही. तेव्हा सूनबाईचा बाप्तिस्मा पक्का आहे, पुन्हा द्यायचा प्रश्नच येत नाही. तिच्या भावाला धर्मपिता (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या विश्वासाची जबाबदारी घेणारा) करायचं असेल तर तेही जमतं, मात्र सोबत आपल्याकडची कॅथलिक धर्ममाता हवी.

तिन्ही नावं बदलायची नाहीत. ‘निर्माता, तारक आणि पावन करणारा’ असं म्हणून दिलेला बाप्तिस्मा व्हॅटिकनने २००८ मध्ये अवैध ठरवला. जीभ अडखळली तर मात्र घाबरायचं कारण नाही. आठव्या शतकात बव्हेरियातला एक पाद्री लॅटिन व्याकरणाचे धिंडवडे काढत बाप्तिस्मे देत होता. पोप झकारिया यांनी ७४६ मध्ये कळवलं की चूक अज्ञानाची आहे, खोट्या शिकवणीची नाही, तेव्हा पुन्हा बाप्तिस्मा देऊ नये.

शब्द आणि पाणी एकाच माणसाचं असावं लागतं, आणि दोन्ही एकाच वेळी. फादरांनी शब्द म्हणायचे आणि आजोबांनी पाणी ओतायचं, हे चालणार नाही. प्रत्येक नावाला एकदा, असं तीन वेळा पाणी ओततात. ते नुसत्या जावळावरून ओघळून उपयोग नाही, कपाळाच्या कातडीवरून वाहायला हवं. म्हणून लेसची टोपरी आधीच काढून ठेव, आई. ओल्या बोटाने नुसता टिळा लावला तर शंकेला जागा राहते, आणि मग ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर’ अशी अट घालून सगळं पुन्हा करावं लागतं. जीवावर बेतलंच तर दवाखान्यातली नर्ससुद्धा बाप्तिस्मा देऊ शकते, मग ती ख्रिस्ती नसली तरी. चर्च जे करतं तेच करायचा हेतू, साधं पाणी आणि तेच शब्द, एवढं पुरतं. बाळ वाचलं तर चर्चमध्ये तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती हे राहिलेले विधी होतात. पाणी पुन्हा नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती प्रश्नोत्तरांची. तुमच्या वेळी लॅटिन होतं, आणि सैतानाचा त्याग करतोस का, विश्वास धरतोस का, हे तान्ह्या बाळाला विचारून उत्तर धर्मपिता द्यायचे. १९६९ च्या नव्या विधीत ते प्रश्न आई-वडील आणि धर्ममाता-धर्मपिता यांनाच विचारतात, आणि त्यांनी आपल्या स्वतःच्या विश्वासाची कबुली द्यायची असते. चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये पश्चिमेकडे तोंड करून, हात पुढे करून सैतानाला नकार देत आणि मग पूर्वेकडे वळत. आपल्याकडे फोटोग्राफरकडे बघत पुटपुटतात. पुस्तिका चार दिवस आधी मागून धर्ममातेला वाचायला द्या.

संस्कार झाल्यावर नोंदवहीतलं नाव जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे बाबांनी चष्मा लावून तिथेच बघावं. लग्नाच्या वेळी त्याच नोंदीवरून नवा दाखला काढावा लागतो.

तुमचा,
मुलगा