कुत्र्यांसाठीचा आवाज मांजराच्याही कानात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रात्री भुंकणाऱ्या कुत्र्यांवर उपाय म्हणून अल्ट्रासोनिक (माणसाला ऐकू न येणारा, खूप उंच पट्टीचा आवाज काढणारी) यंत्रं ऑनलाइन सहज मिळू लागली आहेत. आमच्या सोसायटीतही गॅलरीच्या ग्रिलला ती बांधलेली दिसतात. ‘माणसांना कोणताही त्रास नाही’ अशी त्यांची जाहिरात असते. शेजारच्या घरातलं मांजर, ससा, गिनीपिग यांचं काय, याबद्दल मात्र चकार शब्द नसतो.

आवाज किती उंच पट्टीचा आहे, हे किलोहर्ट्झमध्ये मोजतात. माणसाला फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. ही यंत्रं बहुधा 20 ते 25 किलोहर्ट्झच्या दरम्यान वाजतात. कुत्र्याला सुमारे 45 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि मांजराला तर 60 च्याही वर. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी 1876 मध्ये अशा उंच आवाजाची शिट्टी तयार केली. ती पोकळ काठीत बसवून ते शहरातल्या रस्त्यांवर आणि प्राणिसंग्रहालयात फिरले, आणि असे आवाज ऐकण्यात मांजराला तोड नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. म्हणजे कुत्र्याला हुसकावणारा आवाज मांजराला ऐकू येणारच, हे जवळजवळ दीडशे वर्षं माहीत आहे!

सशांना आणि गिनीपिगनाही तो ऐकू येतो. काही मुलं पांढरे रॅट पाळतात. रॅट धोक्याच्या वेळी एकमेकांना सावध करतात तो आवाज साधारण 22 किलोहर्ट्झचाच असतो. पिंजऱ्यातल्या जिवाला उठून दुसऱ्या खोलीतही जाता येत नाही. पोपट, बजरी, गोल्डफिश यांना मात्र इतका उंच आवाज ऐकू येत नाही.

समोरच्या विंगमध्ये यंत्र लागल्यापासून आमचा बोका गॅलरीत फिरकत नाही. कपाटामागे बसतो, जेवण अर्धवट सोडतो, लिटर ट्रेबाहेर लघवी करतो. यंत्र बंद असेल त्या दिवशी बाहेर येतो. याला मी पुरावा म्हणत नाही, पण दुर्लक्षही करवत नाही. ताणामुळे बोक्यांना मूत्राशयाचा त्रास होतो, लघवी तुंबली तर जिवावर बेतू शकतं. ससा घाबरून खायचा थांबला तर त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते आणि तेव्हा पशुवैद्याकडे धावावंच लागतं.

तक्रार करायची तर कुठे? ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, पण ते मोजमाप माणसाच्या कानाला धरून केलेलं. जो आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, त्याच्यासाठी ते बनलेलंच नाही.

कुत्र्यांच्या भुंकण्याने झोपमोड होते हे मला मान्य आहे, आमचीही होते. त्यावर 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरणाचा पाठपुरावा करावा. तरीही यंत्र लावायचंच असेल, तर आधी आजूबाजूला कोणाकडे पाळीव प्राणी आहेत हे विचारावं. हा आवाज भिंतीतून फारसा जात नाही, उघड्या खिडकीतून मात्र सरळ आत येतो. त्यामुळे यंत्राचं तोंड निदान घरांकडे नसावं आणि ते रात्रंदिवस चालू ठेवू नये. विक्रेत्यांनी किती किलोहर्ट्झ, किती डेसिबल आणि कोणकोणत्या प्राण्यांना ऐकू जातो, हे खोक्यावर मराठीत छापावं, अशी माझी मागणी आहे.

आपली नम्र,
एक वाचक, ठाणे